बोटाचा मधला सांधा वाकतो, टोक वाकत नाही : असे का होते?

प्रश्न : कबड्डी प्रशिक्षक, तासगाव

सरावात पकड करताना आमच्या एका खेळाडूची बोटे चढाईपटूच्या जर्सीत अडकली आणि समोरच्याने हिसका दिल्यामुळे त्याची अनामिका जोरात ओढली गेली. त्या बोटाचा मधला सांधा आता नेहमीसारखा वाकतो, पण नखाकडचे पेर त्याला स्वतःहून वाकवता येत नाही. दुसऱ्या हाताने वाकवले तर ते सहज वाकते. एक्स-रेमध्ये हाड मोडलेले दिसले नाही, म्हणून लचक समजून मालीश करावे, असे मंडळातील जाणती मंडळी सांगत आहेत. एकाच बोटातील एक सांधा चालतो आणि दुसरा बंद पडतो, हे कसे, ते कोणी कृपया समजावून सांगावे.

उत्तर : शरीररचनाशास्त्राच्या शिक्षिका, मिरज

बोट वाकवणारे मांसल स्नायू बोटात नसतातच. ते कोपर आणि मनगट यांच्यामध्ये असतात आणि बोटापर्यंत त्यांच्या कंडरा, म्हणजे दोरीसारखे मजबूत पट्टे, पोचतात. करंगळीपर्यंतच्या चार बोटांसाठी असे दोन स्नायू आहेत. वरच्या थरातला फ्लेक्सर डिजिटोरम सुपरफिशियालिस कोपराच्या आतल्या बाजूच्या उंचवट्यापासून, तसेच अल्ना आणि रेडियस या हाडांपासून निघतो व मधल्या पेराला जोडला जातो. त्याच्या खालचा फ्लेक्सर डिजिटोरम प्रोफंडस मुख्यतः अल्ना हाडापासून निघून थेट शेवटच्या पेरापर्यंत जातो. खालच्या कंडरेला पुढे जाता यावे म्हणून वरची कंडरा बोटाच्या मुळाशी दुभंगते आणि त्या फटीतून खालची कंडरा टोकाकडे जाते. हाताच्या रचनेतील ही मला सर्वांत विलक्षण वाटणारी जागा आहे. टोकाचा सांधा वाकवण्याचे काम केवळ प्रोफंडसच करतो. म्हणून त्याची कंडरा हाडापासून सुटली, तरी मधला सांधा सुपरफिशियालिसच्या बळावर वाकतच राहतो.

दोष चेतेत, म्हणजे स्नायूला संदेश पोचवणाऱ्या मज्जातंतूत, असण्याची शक्यता मला कमी वाटते. प्रोफंडसच्या तर्जनी व मधल्या बोटाकडील भागाला मीडियन चेतेची शाखा, तर अनामिका व करंगळीकडील भागाला अल्नर चेता पुरवठा करते. अल्नर चेता कोपराजवळ दुखावली असती, तर अनामिकेबरोबर करंगळीचे टोकही दुबळे झाले असते.

उत्तर : फिजिओथेरपिस्ट, सांगली

वर्णनावरून ही जर्सी फिंगर नावाची दुखापत वाटते. मूठ आवळलेली असताना बोट अचानक सरळ ओढले गेले की ती होते आणि बहुतेक वेळा अनामिकेलाच होते. खात्री करण्यासाठी त्या बोटाचे मधले पेर सरळ धरून ठेवा आणि त्याला फक्त टोक वाकवायला सांगा. ते हललेच नाही, तर मालीश पूर्ण थांबवून बोट आधारपट्टीत ठेवा आणि हाताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञांकडे लगेच न्या. कंडरा साध्या एक्स-रेमध्ये दिसत नाही. हाडाचा तुकडा निघाला असेल, तरच तो दिसतो.

कबड्डी प्रशिक्षक, तासगाव

चाचणी केली, टोक अजिबात हलत नाही. परंतु इतर बोटे सरळ धरून प्रत्येक बोटाचा मधला सांधा तपासला, तेव्हा त्याच्या दोन्ही हातांची करंगळी एकटी वाकेना. तिलाही इजा झाली असेल का?

फिजिओथेरपिस्ट, सांगली

दोन्ही हातांत सारखेच असेल, तर ती इजा समजू नये. इतर बोटे सरळ धरल्याने त्यांच्या प्रोफंडसच्या कंडरा अडवल्या जातात आणि वाकवण्याचे काम एकट्या सुपरफिशियालिसवर येते. करंगळीत तो अनेकांच्या बाबतीत दुबळा असतो, अनामिकेच्या स्नायूशी जोडलेला असतो किंवा नसतोही. अनामिकेसाठी मात्र थांबू नका. सुटलेली कंडरा तळहातापर्यंत मागे सरकली असेल, तर तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि स्नायू आखडत जातो. अशा वेळी ती ७ ते १० दिवसांच्या आत पुन्हा जोडावी लागते.