मदत हवी आहे: ठाण्यात बसून पोर्तुगालच्या इतिहासाचा अभ्यास कसा करावा?

नमस्कार मंडळी,

मी ठाण्यात मध्यवर्ती कारागृहाजवळ राहते. हा तुरुंग म्हणजे पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतलेला किल्ला. १७३७ मध्ये मराठ्यांनी तो घेतला तेव्हा त्याचं काम पुरतं झालेलंही नव्हतं. चिमाजी अप्पांची मोहीम आपल्या बाजूने भरपूर वाचली, आता मला त्या वेळचं पोर्तुगाल समजून घ्यायचंय. ब्राझीलच्या सोन्यामुळे राजा पाचव्या जुआंवकडे तेव्हा पैशाला तोटा नव्हता. १७३० मध्येच लिस्बनजवळ माफ्राच्या भल्यामोठ्या राजवाड्यातलं चर्च पवित्र करण्याचा सोहळा झाला. मग इकडचा किल्ला अर्धवट का राहिला? दरबाराने पैसा दिलाच नाही, की वाटेत कुठे मुरला? गेली दोन वर्षं हाच प्रश्न डोक्यात आहे.

लिस्बनच्या तोर्रे दो तोंबो या राष्ट्रीय अभिलेखागाराने बरेच कागद स्कॅन करून फुकट खुले केलेत. पोर्तुगीज शिकले, छापील मजकूर वाचता येतो. हस्तलिखितापुढे मात्र हात टेकले. एका पानावर ओळीगणिक 'क्यू' अक्षर आणि त्यावर नागमोडी रेघ. तीन दिवसांनी कळलं की तो अख्खा शब्द आहे, अर्थ आपला 'की', आणि उच्चारही जवळपास तोच! असे शेकडो संक्षेप आहेत.

मला मोडी चांगली वाचता येते. तिकडच्या एखाद्या अभ्यासकाला वसईबद्दलचे मोडी कागद मी वाचून द्यावेत, त्याने मला हे वाचायला शिकवावं, असं जमेल का? दोन विद्यापीठांना मेल केले, उत्तर नाही. कुणी असं काम केलंय का? लेख झाला तर नावं कशी घालतात? स्कॅन छापायला परवानगी लागते का?

प्रतिसाद

ताई, विभागाच्या पत्त्यावर मेल करू नका. ज्यांचा शोधनिबंध वाचलात त्यांनाच लिहा, सोबत एका मोडी पत्राचं लिप्यंतर आणि भाषांतर जोडा. माझं काम असंच सुरू झालं. नावं कशी घालायची ते पहिल्याच महिन्यात लेखी ठरवा. स्कॅन वाचायला मोकळे असले तरी छापण्याआधी अभिलेखागाराला विचारायचंच.

आणि लिस्बनच्या आधी पणजी गाठा. राजाची पत्रं पावसाळी वाऱ्यांवर येणाऱ्या जहाजांतून गोव्याला यायची. त्यांचे बांधीव खंड, 'मोंसोंइश दु रेनु', गोव्याच्या अभिलेखागारात आहेत. तुमच्या किल्ल्याच्या पैशाचा माग तिथे काढून पाहा. गोव्याहून गेलेल्या मागण्यांवर लिस्बनमध्ये काय खल झाला, ते तिथल्या सागरपार अभिलेखागारात शोधावं लागेल. तिकडचा जोडीदार हवा तो त्यासाठी.

धागाकर्ती

पणजी डोक्यातच आली नव्हती! दिवाळीनंतर जाते. मोडी पत्र आज रात्रीच लिप्यंतराला घेते. सागरपार अभिलेखागारात काम केलेलं आणखी कुणी आहे का इथे?