फरक फक्त पोपचा?

"पोप सोडला तर कॅथलिक आणि अँग्लिकन (म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले ख्रिस्ती) सारखेच" असं कुणी म्हटलं, ते काही पटलं नाही. आमच्या इंदूरचंच बघा. व्हाइट चर्च मूळचं अँग्लिकन, आता १९७० साली झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) या संस्थेत. रेड चर्च कॅथलिक. व्हाइट चर्चचे पाद्री संसारी असू शकतात, रेड चर्चचे फादर ब्रह्मचारी. पण खरी मेख प्रसादात (शब्द आपला, चालवून घ्या). कॅथलिक मैत्रिणीच्या लग्नात मंडळी पाद्र्यांच्या हातून पवित्र भाकर, म्हणजे हाच प्रसाद, घ्यायला रांगेत उठली, तेव्हा शेजारच्या सीएनआयवाल्या काकू पर्स मांडीवर घट्ट धरून बाकावरच बसून राहिल्या. १८९६ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी अँग्लिकन पुरोहितांची दीक्षाच रद्दबातल ठरवली, ती गाठ अजून सुटलेली नाही, म्हणून हा प्रसाद एकत्र घेता येत नाही. जेवायला मात्र काकू पहिल्या पंगतीत!