पद्मिनीच्या डिकीचं रबर: ‘सोलापुरात पाऊस असतो कुठे?’ म्हणणाऱ्यांना उत्तर

होटगीरोड_फियाट
काल इथं एकानं लिहिलं, ‘जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या डिकीचं रबर बदलणं म्हणजे पैसे वाया. सोलापुरात पाऊस असतो कुठे? कडेनं सिलिकॉन मारा, विषय संपला.’ त्याखाली भरपूर अंगठे पडले, म्हणून सविस्तर लिहितोय.

ते रबर नुसतं पावसासाठी नसतं. गाडी पळते तेव्हा मागं हवेचा दाब कमी होतो, सायलेन्सरचा धूर फटीतून डिकीत ओढला जातो आणि मागच्या सीटच्या पाठीतून आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तुळजापूरहून परत येताना मागं बसलेल्या पोरांचं डोकं दुखतं आणि आपण उन्हाला दोष देतो. रबर बदललं तेव्हापासून माझ्या घरी ती तक्रार बंद झाली.

सिलिकॉन तर नकोच. झाकण उघडलं की फाटतं, खाली ओल धरून बसतं. आंबट वासाचं असेल तर उघड्या पत्र्याला स्वतःच गंज आणतं. जुनं रबर काढा, वाळलेला गोंद खरवडा, गंज असेल तिथं प्राइमर आणि रंग मारा, मगच नवं रबर. सुरुवात खाली लॉकपाशी, जोडही तिथंच. ओढून बसवू नका. ताणलेलं रबर पुढं आखडतं आणि जोड उघडतो. थोडं जादा कापा, टोकं दाबून भिडवा. आणि रबर ईपीडीएमचंच (ऊन सोसणारं कृत्रिम रबर) घ्या, साध्याला इथल्या उन्हात लवकर चिरा पडतात.

मंगळवारपेठ
ओ मालक, अंगठा मीपण दिलाय. मूळ सेक्शन, म्हणजे त्याच आकाराची रबरपट्टी, आणायची कुठून ते सांगा की आधी! पद्मिनीचं उत्पादन बंद होऊन वीस वर्षं उलटली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी होत्या तोवर सामान मिळायचं, २०२३ च्या ऑक्टोबरात त्यापण संपल्या. आमच्या मामांनी ट्रकच्या दाराचं रबर लावलं, झकास चाललंय. कुणाचं डोकं दुखलं नाही.

होटगीरोड_फियाट
मामांची डिकी एका हातानं बंद होते का? जाड रबर लावलं की झाकण वर उचललेलं राहतं, मग लोक आपटतात आणि लॉक खिळखिळं होतं. दहाची नोट झाकणाखाली ठेवून बंद करा आणि ओढा. सगळीकडं सारखी अडकत अडकत यायला हवी. कुठं सहज सुटली तर तिथं फट आहे.

जुळे_सोलापूर
नोटबिट कशाला? एकाला टॉर्च घेऊन आत बसवा, बाहेरून होजपाइप मारा. कुठून गळतंय ते लगेच कळतं.

शेळगीकर
होजपाइप? कुठल्या गावात राहता दादा? आमच्याकडं नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं, तेपण रात्री कधीतरी. पोरगी अभ्यास सोडून घागरी भरते. उजनी काठोकाठ भरलेलं असतं तेव्हासुद्धा हेच.

जुळे_सोलापूर
मी बोअरचं पाणी म्हणत होतो.

शेळगीकर
बोअर सगळ्यांकडं आहे का? उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या सगळ्या बोअर आटतात. टँकरला पैसे मोजायचे आणि तुम्ही ते डिकीवर ओता म्हणताय!

मंगळवारपेठ
बरोबर बोलला बे शेळगीकर. आमच्याकडंपण तेच. आई म्हातारी झाली तरी पाणी यायच्या दिवशी गावाला जात नाही. पाहुण्यांनापण ती पाण्याचा दिवस विचारून बोलावते.

अक्कलकोटरोड
पाण्याचा धागा वेगळा काढा. इथं गाडीचं चाललंय.

शेळगीकर
का काढू? गाडी धुवायला सांगितलं ह्यांनी, मी नाही! बोललं की वेगळा धागा काढा, आणि तिथं कुणी फिरकत नाही.

अक्कलकोटरोड
आवाज चढवू नका, पाणी मलापण तसंच येतं. रबराबद्दल सांगतो. डिकीत पाणी दिसलं की सगळे रबराला धरतात. माझ्या गाडीत ते मागच्या दिव्यांच्या गॅस्केटमधून, म्हणजे दिव्यामागच्या रबरी पट्टीतून, येत होतं. ऑक्टोबर २०२० च्या त्या पावसात स्टेपनीखाली तळं झालं, रबर मात्र धड होतं. आधी दिवे खोलून बघा, मग खर्च करा. आणि रबराला ग्रीस किंवा ऑइल चोळू नका, ईपीडीएम फुगतं. सिलिकॉन स्प्रे चालतो.

होटगीरोड_फियाट
दिव्यांचं मान्य. मागच्या काचेचं रबरही बघावं. पण धूर दिव्यांच्या गॅस्केटनं थांबत नाही, डिकीचं रबर लागतंच.

मंगळवारपेठ
आत्ता खाली जाऊन नोट लावून बघितली. लॉकपाशी घट्ट आहे, डाव्या कोपऱ्यात आपोआप सुटली. ट्रकचं रबर वाईट असं मी अजूनही म्हणणार नाही, तो कोपरा नीट बसला नसेल. पण मामा पोरांना घेऊन पंढरपूरला निघालेत, म्हणून विचारतो. तुमच्या जुन्या रबराचा तुकडा शिल्लक आहे का? मापाला पाहिजे.

होटगीरोड_फियाट
आहे. सात रस्त्यावर येऊन घेऊन जा. आणि मामांना सांगा, तोवर मागच्या काचा उघड्या ठेवून भागणार नाही, त्यानं धूर जास्तच आत ओढला जातो.

शेळगीकर
पाण्याचा धागा काढलाय. बघू किती जण येतात.