ब्लॅक अ‍ॅशची टोपली: ओंडका चिरायचा सोडून का ठोकतात?

दुरडी: आपल्याकडे बुरूड बांबू उभा चिरून कामट्या काढतात. अमेरिकेत मिशिगनमधले पोटावाटोमी हे मूळनिवासी मात्र ब्लॅक अ‍ॅश या झाडाचा अख्खा ओंडका ठोकून पट्ट्या सोडवतात. करवत का नाही? आणि पट्टी सलग न निघता मध्येच फाटते, ती कशाने?

वर्षवलय: वसंतात वाढलेला थर मोठ्या छिद्रांचा, पोकळ, उन्हाळ्यात वाढलेला घट्ट. ठोकलं की छिद्रांचा थर चिरडतो आणि घट्ट थर सुटून वर येतो. एक पट्टी म्हणजे झाडाचं एक वर्ष. करवत वलयं बघत नाही, धागे तोडत जाते. तसली पट्टी वाकवली की मोडते.

साल काढलेला ओलाच ओंडका घ्या. कुऱ्हाडीच्या मागच्या बोथट बाजूने या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकत जा. प्रत्येक घाव आधीच्या घावावर थोडा चढला पाहिजे. मधे बोटभर जागा सुटली की तिथे थर चिकटून राहतो आणि ओढताना पट्टी नेमकी तिथेच फाटते. कडेने घाव बसला तर खाच पडते, तीही पुढे दगा देते. गाठीचं किंवा पिळाचं झाड घेऊच नका, कितीही ठोका, वाया जातं.

पट्टी जाड वाटली तर टोकाला निम्म्या जाडीत सुरी घालून दोन्ही पदर सारख्या जोराने ओढा. एक पदर पातळ व्हायला लागला की जाड पदर जास्त वाकवा, चीर परत मधे येते. आतली बाजू रेशमासारखी निघते. ती टोपलीच्या दर्शनी अंगाला ठेवतात.

दुरडी: आणि विणल्यावर फटी पडतात त्या?

काठबांधणी: भिजवलेली पट्टी वाळली की आकसते, फटी पडणारच. काठ बांधायची घाई करू नका. टोपली पुरती वाळू द्या, आडव्या पट्ट्या बोटांनी खाली दाबा, वर जागा झाली की आणखी एक-दोन फेरे घाला. मग काठ. रंगाचीही गरज नाही: बाहेरचं लाकूड पांढरट, गाभ्याचं तपकिरी, तेवढ्यावर नक्षी उठते.

वर्षवलय: आता खरा प्रश्न झाडाचाच आहे. आशियातून आलेला एमराल्ड अ‍ॅश बोरर हा भुंगा २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडला. त्याची अळी सालीखाली नागमोडी पोखरते, अन्नरस तुटतो, काही वर्षांत झाड उभ्या उभ्या वाळतं. वाळलेल्या झाडाची पट्टी ठिसूळ, म्हणून कीड लागलेलं झाड जिवंत असतानाच तोडावं लागतं. ओंडके वाहत्या पाण्यात बुडवून ठेवले तर अळ्या मरतात आणि लाकूडही ठोकण्याजोगं राहतं. चाचण्यांमध्ये हिवाळ्यात १८ आठवडे, वसंतात १४ लागले. न बुडवता गावोगाव नेले तर किडीलाच वाहन मिळतं.

बी गोळा करत असाल तर एक लक्षात ठेवा: ब्लॅक अ‍ॅशचं बी बहुतेकदा दुसऱ्या वसंतात उगवतं. पहिल्या वर्षी काही दिसलं नाही म्हणून ट्रे रिकामा करू नका.