सगळं एकाच गाडीत जाणार असेल तर ओला-सुका वेगळा कशाला करायचा?

तिसरा मजला
आमच्या इमारतीत चाळीस घरं आहेत. आठ महिने दारोदार फिरून मी दोन डब्यांची सवय लावली. परवा पहिल्या मजल्यावरच्या काकांनी मला मुद्दाम खाली बोलावलं. बघते तर गाडीवाला दोन्ही डबे एकाच तोंडात उलटे करत होता. काका बोलले काहीच नाहीत, नुसते हसले. तेव्हापासून पाच-सहा घरांनी पुन्हा एकच पिशवी सुरू केली आहे आणि त्यांना काय सांगावं ते मला सुचत नाही. पुढे एकत्रच होणार असेल तर वेगळं करण्याला काही अर्थ उरतो का? आणि ही चक्रीय अर्थव्यवस्था म्हणजे रिसायकलिंगचंच नवं बारसं आहे का?

थेट मुद्दा
अर्थ उरत नाही. सगळं जाळा, वीज करा, विषय संपवा. चाळीस घरांना शिस्त लावत बसण्यापेक्षा एक भट्टी परवडली.

चाळणी
कचऱ्याच्या वर्गीकरण केंद्रात नऊ वर्षं काढली आहेत, त्यातली पहिली चार कचरा निवडायच्या सरकत्या पट्ट्यापाशी उभं राहून. म्हणून जरा लांबण लावतो.

आधी भट्टीचं. घरगुती कचऱ्यात निम्म्याच्या आसपास ओला असेल, तर भट्टीची बरीचशी उष्णता त्यातलं पाणी वाळवण्यातच खर्ची पडते. चांगलं जळावं म्हणून शेवटी ओला बाजूलाच काढावा लागतो, म्हणजे शिस्त चुकत नाहीच. शिवाय जाळून झाल्यावर वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकी राख उरते, आणि ती कुठेतरी नेऊन टाकावीच लागते. एकदा भट्टी बांधली की तिला रोज खायला लागतं, हे वेगळंच. मग कचरा कमी झाला तर पंचाईत!

आता ताईंचा प्रश्न. पट्ट्यावर आमची खरी डोकेदुखी प्लास्टिक नव्हतं, ओलावा होता. कोरडा पुठ्ठा केंद्रात आला की तो माल. तोच पुठ्ठा रात्रभर खरकट्याबरोबर पिशवीत कोंडला की सकाळी फुगून, बुरशी धरून येतो. उचलायला गेलं की हातात पापुद्रा येतो आणि बाकीचा पट्ट्यालाच चिकटून राहतो. तेल लागलेला कागद तर लगद्याच्या टाकीत गेल्यावरही तेल सोडत नाही. एकदा आमचा बांधून पाठवलेला पूर्ण लॉट कागद गिरणीने परत धाडला होता. वरून गठ्ठे स्वच्छ दिसत होते, पण त्यांनी मधला एक फोडला तर आत सगळं ओलं. तो माल डम्पिंगवर गेला आणि तो निवडायला लागलेली आमची अख्खी पाळी पाण्यात गेली.

त्यामुळे गाडीत एकत्र होतंय हा दोष गाडीचा आहे, त्यावर भांडायलाच हवं. गाडीला दोन कप्पे नसतील तर ओला एक दिवस, सुका दुसऱ्या दिवशी, असं वेळापत्रक मागा. पण गाडी सुधारेपर्यंत एक गोष्ट तुमच्या हातात आहे. ओला इमारतीतच जिरवा. ओलाच गाडीत गेला नाही, तर निदान तुमचा सुका तुमच्याच खरकट्याने भिजणार नाही. डम्पिंगच्या ढिगाऱ्यात हाच ओला हवेविना कुजतो आणि मिथेन सोडतो. वीस वर्षांचा हिशेब धरला तर तापमानवाढीत हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट भारी पडतो.

ओली माती
जपानमधल्या कामिकात्सु गावाने २००३ मध्ये शून्य कचऱ्याची घोषणा केली. तिथे कचरागाडी फिरतच नाही, लोक स्वतः केंद्रावर नेऊन चाळीसहून जास्त प्रकारांत निवडून टाकतात. ओलं घरोघरीच जिरतं. तरीही सगळं मिळून साधारण ऐंशी टक्के कचराच पुन्हा वापरात जाऊ शकला. उरलेल्यात मुख्यतः अशाच वस्तू, ज्या बनवतानाच पुन्हा वापरण्याचा विचार झालेला नव्हता. तेव्हा सगळा भार घरातल्या डब्यावर टाकू नका.

चाळणी
अगदी. ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. पाण्याच्या बाटलीचे आणि तिच्या झाकणाचे तुकडे करून बादलीत टाकून बघा. झाकण तरंगतं, बाटली बुडते. या साध्या गुणावर दोन प्लास्टिकं वेगळी होतात. पण त्याच बाटलीला कंपनीने पीव्हीसी या दुसऱ्याच प्लास्टिकचं चकचकीत आवरण चढवलं की खेळ संपला, कारण पीव्हीसीही बुडतं. पुढे बाटलीचं प्लास्टिक, म्हणजे पीईटी, २५० अंशांच्या वर वितळवताना हे पीव्हीसी आम्ल सोडतं आणि सगळा घाणा पिवळा पडतो. चार माणसं दिवसभर आवरणं सोलत बसायची, का, तर कुणाला तरी बाटली जास्त चमकायला हवी होती. वस्तू टाकून दिल्यावर तिचं काय करायचं ते शोधणं म्हणजे रिसायकलिंग. चक्रीय अर्थव्यवस्थेत तो प्रश्न वस्तू आखणाऱ्याच्या टेबलावर जातो : ती जास्त टिकेल का, दुरुस्त होईल का, पुन्हा भरता येईल का, आणि परत घ्यायचा खर्च कोण उचलणार? उत्पादकाच्या या जबाबदारीची कल्पना १९९० मध्ये स्वीडनच्या थॉमस लिंडक्विस्टने मांडली. आमच्या पट्ट्यापर्यंत ती फारशी पोचली नव्हती, हे मात्र खरं.

तिसरा मजला
ओला इथेच जिरवायचा प्रयत्न मागे केला होता. वासाने लोक अंगावर आले.

चाळणी
वास आला म्हणजे आत हवा नव्हती. नुसता ओला टाकलात ना? एक बादली ओल्यावर दोन बादल्या वाळका पाला किंवा फाडलेला पुठ्ठा, आणि आठवड्यातून एकदा उलथापालथ. मूठभर घेऊन पिळा : हात ओलसर व्हावा, धार लागू नये. धार लागली तर आणखी पाला. वाफा निदान मीटरभर उंच-रुंद असू द्या, त्याहून लहान ढीग तापत नाही. चालतंय की नाही हे बघायला लोखंडी गज मधोमध खुपसून दहा मिनिटांनी काढा. टोक धरवत नसेल तर साठ अंशांच्या आसपास गेलाय समजा. त्यात रोगजंतू आणि तणाचं बी दोन्ही मरतात.

तिसरा मजला
पाला मागच्या आवारात ढिगाने पडलाय, गजही सापडला. सोमवारी सुरू करते. दहा मिनिटांनी गजाचं टोक काकांच्याच हातात देणार आहे.