एअरफिक्सचं पुढे काय होणार? सी हॅरियरची किट्स आत्ताच घेऊन ठेवू का?

सावंतवाडीकर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. बाबा नौदलात होते, आयएनएस हंसाला म्हणजे दाबोळीला, सी हॅरियर या लढाऊ विमानांच्या मेंटेनन्सवर. त्यांच्यासाठी ३०० स्क्वाड्रनची, म्हणजे व्हाइट टायगर्सची विमानं १/७२ मध्ये (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढी प्लॅस्टिकची मॉडेलं) एका ओळीत करायची आहेत, १९८३ साली गोव्यात आली तेव्हाच्या रंगातलं एक, नंतरच्या रंगातलं एक आणि ११ मे २०१६ ला निरोप दिला त्या वेळचं एक. आपलं एफआरएस ५१ (भारतीय सी हॅरियर) हे ब्रिटिश एफआरएस १ वरूनच बनलंय, त्यामुळे एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीचं २०१० च्या टूलिंगचं (तेव्हा नव्याने केलेल्या साच्यांचं) एफआरएस १ किट मला सगळ्यात योग्य वाटतंय. पण ते सतत मिळत नाही, मधूनच येतं आणि परत गायब होतं.

आता खरा प्रश्न. एअरफिक्सची मालक हॉर्नबी कंपनी कितीतरी वर्षं तोट्यात आहे आणि २०२५ मध्ये ती लंडनच्या एआयएम शेअर बाजारातूनही बाहेर पडली, असं वाचलं. त्यावर कुणी म्हणतं की एअरफिक्स विकणार, कुणी म्हणतं बंदच होणार. तसं झालं तर साचे जातात कुठे? भंगारात? की दुसरं कुणीतरी घेतं? आणि मी काय करू, पैसे घालून आत्ताच सगळी किट्स घेऊन ठेवू की थांबू? बाबांचं वय झालंय, त्यामुळे फार थांबायचीही इच्छा नाही.

स्टायरीन

सावंतवाडीकर, आधी बाबांना माझा नमस्कार सांगा. हॅरियर सांभाळणं खायचं काम नव्हतं.

एअरफिक्स "बंद होणार" ही बातमी मी वाचायला लागल्यापासूनची आहे आणि ती दोनदा खरीही झालेली आहे, तरी किट्स मिळतायत. हे कसं झालं ते बघितलं की पुढचा अंदाज जरा नीट बांधता येतो.

कंपनी १९३९ ची, हंगेरीहून आलेल्या निकोलस कोव्ह यांनी सुरू केलेली, तेव्हा रबराची हवा भरायची खेळणी करायचे, मग प्लॅस्टिकचे कंगवे. १९५२ मध्ये गोल्डन हाइंड हे छोटं जहाज पिशवीत घालून वूलवर्थच्या दुकानांत दोन शिलिंगला विकलं आणि गाडी रुळावर आली, पुढे स्पिटफायर आलं. १९८१ ला पहिल्यांदा बुडाली. का, तर किट्स चालत नव्हती म्हणून नाही! एअरफिक्सच्या ग्रुपने १९७१ मध्ये मेकॅनो आणि डिंकी हे खेळण्यांचे ब्रँड घेतले होते, त्यांचा तोटा वाढत गेला आणि तो ओढत ओढत किट्सच्या धंद्यालाही घेऊन बुडाला. मग पॅलिटॉयने, म्हणजे अमेरिकन जनरल मिल्सच्या कंपनीने घेतली, साचे फ्रान्सला कॅलेला गेले. १९८६ ला मॉडेलचे रंग करणाऱ्या हम्ब्रॉलने घेतली, साचे हेलर या फ्रेंच किट कंपनीच्या कारखान्यात, नॉर्मंडीतल्या त्रँ या गावी गेले. २००६ मध्ये हेलर अडचणीत आली, एअरफिक्सची किट्स तिथेच मोल्ड होत असल्याने पुरवठाच थांबला आणि ३१ ऑगस्ट २००६ ला हम्ब्रॉल अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये (दिवाळखोरीतल्या प्रशासकाच्या ताब्यात) गेली, ४१ पैकी ३१ माणसांची नोकरी गेली. त्याच नोव्हेंबरमध्ये हॉर्नबीने एअरफिक्स आणि हम्ब्रॉल हे दोन्ही मिळून २६ लाख पौंडांना घेतले. एवढ्या मोठ्या नावाला एवढीच किंमत, तरी घेणारा मिळाला.

म्हणजे दोन्ही वेळा संकट आलं ते शेजारच्या धंद्यामुळे नाहीतर कारखान्यामुळे. साचे पोलादाचे असतात, नीट ठेवले तर पन्नास पन्नास वर्षं चालतात. १९६० च्या दशकातले एअरफिक्सचे साचे आजही व्हिंटेज क्लासिक्स म्हणून चालतायत. भंगारात घालण्यापेक्षा विकले तर पैसे जास्त मिळतात, हे बँकेलाही कळतं. फ्रॉग या दुसऱ्या ब्रिटिश किट कंपनीचं बघा, कंपनी १९७० च्या दशकात संपली तेव्हा बहुतेक साचे सोव्हिएत रशियाला गेले आणि नोवो नावाने विकले गेले, जर्मन-जपानी विमानांचे रशियनांनी घेतले नाहीत ते रेवेल या किट कंपनीकडे आले. मॅचबॉक्सच्या किट्सचे साचेही शेवटी रेवेलकडेच. त्यामुळे तुमचं सी हॅरियर जगातून नाहीसं होईल अशी भीती मला नाही वाटत.

केंटवासी

मी इंग्लंडमधल्या मार्गेटपासून जवळच राहते, हॉर्नबी इथलीच, १९५० च्या दशकापासून. इथे लोकांना ही कंपनी आपली वाटते, तिच्याबद्दल काही बातमी आली की दुकानात, बसमध्ये विषय निघतोच.

शेअर बाजारातून बाहेर पडणं म्हणजे कंपनी बुडाली असं नाही हो, हे आधी डोक्यातून काढा. मोठा मालक आधीपासूनच गुंतवणूक कंपनी फिनिक्स अ‍ॅसेट मॅनेजमेंट आहे, बहुतांश शेअर त्यांच्याकडेच, तोटा होत असतानाही पैसे त्यांनीच पुरवलेत. शिवाय २०२४ मध्ये फ्रेझर्स ग्रुपने काही हिस्सा घेतला. अशा परिस्थितीत बाजारात नोंदणी ठेवायचा खर्च, वकील, ऑडिट, जाहीर निवेदनं, हे सगळं कशाला, असा विचार झाला. पण आपल्यासारख्या बाहेरच्या माणसाला तोटा हा की आता दर सहा महिन्यांनी आकडे समोर येणार नाहीत. वर्षाचा हिशेब इंग्लंडच्या कंपनी रजिस्ट्रारकडे द्यावाच लागतो, तो कुणीही बघू शकतं, पण तो बराच उशिरा येतो. त्यामुळे मधल्या काळात अफवा वाढणार, आणि तुम्ही वाचलंत त्यातल्या निम्म्या त्याच असणार.

मला जी काळजी वाटते ती विकायची नाही, कुणाला विकतात याची. किट्स समजणारा मालक मिळाला तर उत्तम. नुसतं नाव विकत घेऊन टी-शर्ट आणि मगवर छापणारा मिळाला तर कठीण आहे.

सुटे भाग

स्टायरीन यांनी इतिहास छान सांगितला पण मला त्यातला निष्कर्ष पटत नाही, म्हणून लिहितोय.

साचा वाचतो, मान्य. पण साच्यावरून किट काढायला प्रेस लागते, साचा माहीत असलेला माणूस लागतो, डिकल (मॉडेलवर चिकटवायच्या छापील खुणा) छापणारा लागतो, पेटी लागते, आणि या सगळ्यात आधी पैसा लागतो. २०१८ ला रेवेलचं काय झालं आठवा. अमेरिकेतली हॉबिको, जी कर्मचाऱ्यांच्याच मालकीची होती, तिने २००७ मध्ये रेवेल-मोनोग्राम घेतली, २०१२ मध्ये जर्मन रेवेलही घेतली, आणि जानेवारी २०१८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. रेवेल जर्मनीतल्या क्वांटम कॅपिटल पार्टनर्सने घेतली, तिचं जर्मनीतलं ब्युंडेचं ऑफिस टिकलं, पण शिकागोजवळचं एल्क ग्रोव्ह व्हिलेजचं ऑफिस बंद झालं. नाव राहिलं, साचे राहिले आणि तिथली माणसं मात्र गेली. मोनोग्रामची परंपरा माहीत असलेली माणसं होती ती. कुठला साचा कुठे झिजलाय, कुठल्या पंखाचा आकार मागे चुकला होता, हे कागदावर नसतं, त्यांच्या डोक्यात असतं.

एअरफिक्सचंही तेच होईल याची मला भीती वाटते. २०१० नंतर या लोकांनी जे केलंय ते बघा, नवीन स्पिटफायर, व्हॅम्पायर टी ११, १/४८ मधलं हंटर एफ ६ (आपल्या लोंगेवालाच्या हंटर ५६ चा पाया), सगळं नव्याने मोजून, म्युझियममधल्या विमानांवर स्कॅनर फिरवून केलेलं. हे काम एक-दोन वर्षांचं असतं आणि पैसे परत यायला त्याहून जास्त लागतात. अडचणीतला मालक सगळ्यात आधी हेच थांबवतो. जुनी किट्स नवीन पेटीत घालून विकत राहिलं की कंपनी "चालू" दिसते, पण आतून संपत जाते. मला नुसती जिवंत एअरफिक्स नकोय, नवीन विमान काढणारी एअरफिक्स हवीय.

बाकी सावंतवाडीकर, तुमच्या प्रश्नाला थेट उत्तर: हवी तेवढी किट्स घ्या, आत्ता घ्या. पुढच्या बॅचला काय होईल ते कुणी सांगू शकत नाही.

दादर पश्चिम

वरचं सगळं बरोबर आहे पण आपल्यासाठी खरी अडचण मार्गेटला नाही, मुंबईच्या कस्टम्सला आहे. फेब्रुवारी २०२० च्या बजेटमध्ये खेळण्यांवरची ड्युटी २० टक्क्यांवरून ६० केली, २०२३ ला ७० केली, आणि स्केल मॉडेलसुद्धा त्याच खेळण्यांच्या प्रकरणात मोडतं. त्यात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानकांचं) प्रमाणपत्र सक्तीचं. तो नियम १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांचा, पण सीमेवर हे कोण कुणाला समजावणार? दुकानदार बिचारे मागवायचेच कमी झालेत. माझ्या ओळखीच्या एका दुकानात पूर्वी भिंतभर एअरफिक्स असायचं, आता एक कप्पा आहे.

आणि सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू? गेल्या दहा-बारा वर्षांत एअरफिक्सच्या कितीतरी पेट्यांवर "मेड इन इंडिया" लिहिलेलं आहे. हो, आपल्याच देशात मोल्ड झालेली. आपल्या कामगारांनी काढलेलं स्पिटफायर इंग्लंडला जातं आणि आपल्याला हवं असेल तर तिकडून ड्युटी भरून परत आणायचं. इथल्या इथे थोडा माल विकायची सोय झाली असती तर इथल्या पोरांना किती परवडलं असतं, आणि कंपनीलाही एक अख्खं नवीन गिऱ्हाईक मिळालं असतं. कंपनीचं भविष्य म्हणून आपण इंग्लंडच्या पेन्शनरांकडेच बघतो, पण ज्या देशात किट बनतं त्या देशातल्या शाळकरी पोरांपर्यंत ते पोचत नाही, हे मला पटतच नाही.

म्हणून माझा सल्ला, परदेशातून एक एक मागवू नका, कुरिअर आणि ड्युटी मिळून किटपेक्षा महाग पडतं. आधी इथल्या दुकानदारांना फोन करा, जुना स्टॉक असतो. नाहीतर तिकडून कुणी येणार असेल तर सामानातून आणायला सांगा.

स्टायरीन

सुटे भाग, नवीन टूलिंग थांबेल या भीतीशी मी सहमत आहे, ते वाचून मी आधी जरा जास्तच निर्धास्त लिहिलं असं वाटलं नाही, पण तुमचा मुद्दा माझ्यापेक्षा मोठा आहे हे खरं.

साठ्याबद्दल मात्र एक सांगतो. प्लॅस्टिक पेटीत कितीही वर्षं राहतं, डिकल नाही राहत. आणि सावंतवाडीचा पावसाळा! दमट हवेत डिकलची फिल्म पिवळी पडते, तडकते. पिशवीत हवाबंद करून, सिलिका जेल टाकून, उभं न ठेवता सपाट ठेवा. तसंही तुम्हाला ब्रिटिश डिकल नकोच आहेत, भारतीय नौदलाच्या खुणा वेगळ्या घ्याव्या लागतील, त्या छोट्या कंपन्यांच्या असतात आणि एकदा संपल्या की संपल्या. त्यामुळे किटआधी डिकल शोधा. एअरफिक्सच्या आधी तेच दुर्मिळ होईल.

सावंतवाडीकर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. तीन किट्स घ्यायची ठरवलं, जास्त नाही. मावसभाऊ गणपतीला लंडनहून येतोय त्याला सांगितलंय. डिकलची शोधाशोध आजच सुरू केली.

बाबांना धागा वाचून दाखवला. ते म्हणाले, आपल्या हॅरियरवर साइडवाइंडर क्षेपणास्त्रं लावू नकोस, आपण मात्रा मॅजिक वापरायचो, नंतर इस्रायली रडार आलं तेव्हा डर्बी. एअरफिक्सच्या पेटीत तर साइडवाइंडरच आहेत. १/७२ ची मॅजिक कुठून मिळेल?

सुटे भाग

बाबांचं अगदी बरोबर आहे. फ्रेंच क्षेपणास्त्र आहे, त्यामुळे फ्रेंच विमानाच्या पेटीत बघायचं, हेलरच्या मिराज २००० मध्ये मॅजिक मिळतात. माझं मिराज अर्धवट पडलंय आणि त्यावर मी दुसरी हत्यारं लावणार आहे, स्प्रूवर (भागांच्या चौकटीवर) मॅजिक तशीच आहेत. पत्ता मेसेज करा, पाठवून देतो. डर्बीचं मात्र बघावं लागेल, कुणाकडे असेल तर इथेच लिहा.