अपास्तीय कोज्या, हायपरबोलिक कोसाइन की कॉश?

प्रश्न : ‘अपास्तीय कोज्या’ असा शब्द वाचनात आला. कोज्या म्हणजे कोसाइन हे ठाऊक आहे, पण हा ‘अपास्त’ कुठला? सूर्यास्ताशी काही नातं? आणि हिंदी पुस्तकांतलं ‘अतिपरवलयिक’ ते हेच का?

उत्तर : हो, तेच. सूर्यास्त मात्र विसरा. संस्कृतात ‘अस्’ धातू दोन आहेत, एक असण्याचा आणि एक फेकण्याचा. अस्त्र हा शब्द दुसऱ्यातला. अप + अस्त म्हणजे दूर फेकलेला, तो अपास्त (हायपरबोला), आणि अनु + अस्त तो अन्वस्त (पॅराबोला). मूळ ग्रीक शब्दांतही फेकणंच आहे, त्यामुळे ही मराठी जोडी चांगली बसते. हिंदीत वलय आलं आणि फेकणं गेलं.

प्रश्न : मग अपास्ताचा आणि कोसाइनचा संबंध काय? व्याख्येत तर नुसता ई दिसतो.

उत्तर : कॉश हे अपास्तीय कोज्येचंच छोटं नाव. व्याख्या अशी : कॉश क्ष = (ई^क्ष + ई^−क्ष) ÷ २. यात ई = २.७१८२८… क्ष = १ घ्या. २.७१८२८ आणि ०.३६७८८ यांची सरासरी १.५४३०८, म्हणजे कॉश १. बेरजेऐवजी वजाबाकी करून निम्मं केलं की साइनचा जोडीदार मिळतो : सिंच १ = १.१७५२०. आता दोघांचे वर्ग करा : २.३८११ आणि १.३८११. फरक बरोबर १. क्ष काहीही घेतला तरी कॉश² − सिंच² = १ राहतं, आणि (कॉश, सिंच) हा बिंदू अपास्तावरच पडतो. वर्तुळावर हेच काम कोसाइन आणि साइन करतात, तिथे वर्गांची बेरीज १ असते. नाव या साम्यावरून पडलं.

जोड : फक्त क्ष म्हणजे कोन नव्हे. एकक त्रिज्येच्या वर्तुळात वर्तुळपाकळीचं क्षेत्रफळ कोनाच्या (रेडियनमधल्या) निम्मं असतं. अपास्ताच्या पाकळीचं क्षेत्रफळही क्ष च्या निम्मं भरतं. म्हणजे क्ष हे दुप्पट क्षेत्रफळ. कॅल्क्युलेटर अंशांवर असो की रेडियनवर, कॉश १ चं उत्तर १.५४३०८च येणार. उत्तर ०.५४०३० किंवा ०.९९९८५ आलं तर ‘हिप’चं (hyp, हायपरबोलिकचं) बटण दाबायचं राहिलं आणि साधं कोसाइन निघालं, असं समजा.

उत्तर : कोसाइनची सवय इथे तीन ठिकाणी घात करते. कोसाइन −१ ते १ मध्ये हेलकावतं. कॉश १ च्या खाली कधीच उतरत नाही, शून्याशी १ असतं आणि दोन्ही बाजूंना सारखंच चढत जातं. सम फल (फंक्शन) आहे, पण आवर्ती (पुन्हा पुन्हा तेच येणारं) नाही. दुसरं, विकलन केल्यावर सिंच येतं, त्याच्यामागे उणे चिन्ह नसतं. तिसरं, सूत्रं जशीच्या तशी उचलू नयेत. दोन साइनचा गुणाकार असेल तिथे चिन्ह उलटतं (ऑस्बॉर्नचा नियम). कॉश २क्ष = कॉश² + सिंच², इथे अधिक. पडताळा : २.३८११ + १.३८११ = ३.७६२२, आणि कॉश २ तेवढंच.

प्रश्न : लोंबत्या साखळीचा वक्र हाच ना? तो अन्वस्त असतो असंही वाचलंय.

उत्तर : साखळी स्वतःच्याच वजनाने लोंबत असेल तर वक्र अ × कॉश(क्ष ÷ अ) असतो. इथे क्ष म्हणजे तळापासूनचं आडवं अंतर, आणि अ ही साखळी किती ताणलेली आहे त्यावर ठरणारी लांबी. १६९१ मध्ये लायब्निट्स, हायगेन्स आणि योहान बर्नुली यांनी तो सोडवला. झुलत्या पुलाच्या केबलवर रस्त्याचं वजन आडव्या अंतरावर समान वाटलेलं असतं आणि केबलचं स्वतःचं वजन त्यापुढे किरकोळ, म्हणून तिथे जवळपास अन्वस्त येतो. फरक किती? अ = १० मीटर, खांबांतलं अंतर २० मीटर धरा. खरा झोल ५.४३ मीटर, तळाशी जुळणाऱ्या अन्वस्ताने ५.०० मीटर. साखळी लागते २३.५० मीटर. (ज्या म्हणजे धनुष्याची ताणलेली दोरी. या कोज्येची दोरी तेवढी सैल सुटलेली!)

जोड : प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी. क्ष फार लहान असताना कॉश क्ष − १ थेट काढू नका. क्ष = ०.००००००००१ ला दुहेरी अचूकतेत उत्तर सपशेल शून्य येतं. २ × सिंच²(क्ष ÷ २) वापरा, अंक शाबूत राहतात. दुसऱ्या टोकाला, क्ष ७१० ला ई^क्ष मावत नाही पण कॉश मावतं, म्हणून व्याख्या हाताने टंकण्यापेक्षा भाषेतलं तयार फल बरं.

प्रश्न : आणि कॉश वर −१ लिहिलं असेल तर?

उत्तर : ते व्यस्त फल, म्हणजे कॉशच्या उत्तरावरून उलटं मूळ संख्येकडे नेणारं, १ ÷ कॉश नव्हे. १ ÷ कॉशला सेच म्हणतात. व्यस्त फल फक्त १ किंवा मोठ्या संख्येला मिळतं : लॉग(क्ष + √(क्ष² − १)), लॉग अर्थात ई पायाचा. २ साठी १.३१७. त्याला ‘आर्ककॉश’ म्हणतात, पण ‘आरकॉश’ जास्त बरोबर. आर्क म्हणजे कंस, इथे मोजलंय ते क्षेत्रफळ (एरिया), ‘आर’ त्यातला. लेखात मी ‘अपास्तीय कोसाइन’ लिहीन, बोलताना कॉश पुरे.